भरदुपारचा पाळणा

रात्री कुणीही घाबरतं. त्यात दिग्दर्शकाचं कर्तृत्व शून्य. वीज गेली, मांजरानं ओट्यावरून उडी मारली, की झालं काम. मला माणसं भरदुपारी घाबरवायची होती. ऊन टळटळीत, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या, भाजीवाला ओरडून दमलेला, जेवून आडवं झालेलं घर, आणि अशा वेळी आतल्या खोलीत काहीतरी हलतंय. दुपारी बाराला पिंपळाखालून जाऊ नको असं आपल्याकडे सांगतात ते उगीच नाही. आमच्या कॅमेरामनला मी हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा तो गालात हसला. "अक्का, सीधा बोलो ना, लाइटां का किराया नहीं है बोलके."

तेही खरं होतं. पण चांगली कल्पना गरिबीतून सुचली म्हणून ती कमी चांगली ठरत नाही, हे मी त्याला तिथल्या तिथं ऐकवलं. तो तेलुगू, मी इथल्याच काचीगुड्यात वाढलेली मराठी, आणि आमचं भांडण नेहमी तिसऱ्याच भाषेत, इथल्या हिंदीत होतं, त्यामुळे ते लवकर मिटतं.

पोटापाण्यासाठी मी तेलुगू मालिकांना आवाज लावते. पडद्यावर सासू चालते, तिची पावलं माझी. सून दार आपटते, ते दार माझ्या स्टुडिओत असतं. इतक्या वर्षांत मी इतक्या सासवांच्या बांगड्या वाजवल्या आहेत की माझ्या स्वतःच्या हातात बांगडी टिकत नाही. या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: माणूस डोळ्यांनी बघतो, पण घाबरतो कानांनी. भयपटात भूत दाखवणारे लोक मला आळशी वाटतात. म्हणून माझ्या सिनेमात भूत नव्हतंच. नव्यानं राहायला आलेली एक बाई होती, घर होतं, आणि रोज दुपारी आतल्या खोलीत आपोआप हलणारा एक रिकामा पाळणा होता. सगळा सिनेमा या एका शॉटवर उभा होता. कॅमेरा जागचा हलणार नाही, संगीत नाही, किंकाळी नाही. पाळणा हलायला लागतो आणि हलतच राहतो. हा शॉट जमला तर सिनेमा आहे, नाही तर घरगुती व्हिडिओ.

नायिका आमच्याच स्टुडिओतली एक मुलगी होती. घरी मराठी बोलते, पण देवनागरी वाचायची म्हटलं की कपाळाला आठ्या, म्हणून तिचे संवाद मी इंग्रजी अक्षरांत लिहून दिले होते. डोळे मात्र तिचे असे की ती नुसती पंख्याकडे बघत बसली तरी आपण पंख्याकडे संशयानं बघू लागतो. मी तिचे अर्धे संवाद काढून टाकले आणि दोघींचीही सोय केली.

घर होतं माझ्या भावाचं, विद्यानगरला. तळमजल्याचं, जाळीच्या खिडक्यांचं. मधल्या खोलीच्या छताला झोपाळ्यासाठी लोखंडी कड्या होत्या, आणि दुपारी त्या जाळीतून जमिनीवर जो उजेड पडतो तो भाड्यानं आणता आला नसता. वहिनी शाळेत गणित शिकवते. तिला मेची सुट्टी होती. "घर घ्या, मला फक्त स्वयंपाकघर सोडा," ती म्हणाली. आम्ही तेही सोडलं नाही. आवाज स्वच्छ यावा म्हणून मेच्या उन्हाळ्यात मी पंखे बंद करायला लावायची, कूलर बंद, फ्रिजसुद्धा बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून माझ्या स्कूटरची चावी मी फ्रिजमध्ये ठेवायची. सगळं युनिट घामानं निथळत असायचं आणि वहिनी प्रत्येक टेकनंतर ताकाचे पेले फिरवायची. तक्रार तिनं एकदाही केली नाही. तक्रार करणं तिच्या स्वभावातच नाही, आणि तिच्या या गुणाचा आमच्या घरानं बराच फायदा घेतला आहे.

पहिला पाळणा मी मंडपवाल्याकडून आणला. बारशाच्या हॉलमध्ये ठेवतात तसला, स्टीलचा, वर प्लॅस्टिकच्या मोगऱ्याच्या माळा आणि बाजूला दुकानाचा फोन नंबर रंगवलेला. त्यात बसायला भुतालाही लाज वाटली असती. कॅमेरामननं कॅमेऱ्यातून एकदा पाहिलं आणि मान हलवली. "नक्को अक्का. फंक्शन हॉल दिखरा."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "वर आहे ना एक."

वर म्हणजे माळ्यावर. तिथं काय आहे ते मला माहीत होतं, आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनीला दिवस गेले तेव्हा तिच्या वडलांना कोण आनंद झाला होता. त्यांनी परभणीकडच्या आपल्या सुताराकडून सागवानी पाळणा करवून घेतला आणि सातव्या महिन्यातच तो रेल्वेनं घेऊन आले. काचीगुडा स्टेशनवर तो उतरवला तेव्हा माझी आईही तिथं होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आधी आणायचा नसतो." पुढं मुलगी झाली आणि बारशाचा दिवस उजाडायच्या आत गेली. आई ते वाक्य पुन्हा कधी बोलली नाही, पण ते सगळ्यांच्या कानात राहिलं. वहिनीच्या वडलांनी त्यानंतर आमच्या घरी मान वर करून पाणी घेतलं नाही. पाळणा चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. वहिनीला पुन्हा मूल झालं नाही. आईच्या त्या वाक्याचा मला राग येई. मी तो कधी लपवला नाही, पण आईला माझे सगळेच राग माहीत असल्यामुळे तिनं तो वेगळा मोजला नसावा.

"वहिनी, तो नको," मी म्हटलं.

"का? पाळणाच आहे ना? एकदा टांगलेला बघू दे मला. तुमच्या सिनेमासाठी का होईना."

मी तिथंच ठाम नकार द्यायला हवा होता असं म्हणणारे लोक मला नंतर भेटले. मी हो म्हटलं, आणि आज विचारलं तरी हो म्हणेन. ज्या बाईनं इतक्या वर्षांत काहीच मागितलं नाही तिनं एक गोष्ट मागितली, तर तिथं शहाणपण शिकवायचं नसतं.

भाऊ ऑफिसला निघाला होता. तो स्टुलावर चढला, पाळणा उतरवला, कड्यांत साखळ्या अडकवल्या, आणि कुणाकडेही न बघता हेल्मेट घेऊन बाहेर पडला. वहिनीनं तेलाच्या फडक्यानं पाळणा पुसला. सागवानाचा रंग वर आला. चारी कोपऱ्यांवर लाकडी राघू होते, त्यातल्या एकाची चोच तिनं बोटानं चाचपून पाहिली. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "घ्या."

आम्ही नायलॉनचा बारीक धागा बांधला, पंखे बंद केले, मी कानाला हेडफोन लावले. कॅमेरामननं धागा ओढला आणि पाळणा हलला. पण कसा? उडी मारल्यागत. रिकामा पाळणा हलका असतो, तो झुलत नाही, हिसके खातो. माझ्या कानात साखळ्यांची नुसती खडखड. आपोआप हलतोय असं वाटायच्या ऐवजी कोपऱ्यात बसून कुणीतरी दोरा ओढतंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. हळू ओढून पाहिलं, जोरात ओढून पाहिलं, दोन बाजूंनी ओढून पाहिलं. कॅमेरामन म्हणाला, वजन हवं. तो बाहेरून दोन विटा घेऊन आला.

"वीट नाही ठेवायची त्याच्यात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यानं विटा खाली ठेवल्या. तांदळाची पिशवी? नाही. पुस्तकं? "नाही म्हटलं ना." आम्ही पुन्हा रिकामाच हलवायला लागलो.

आणि नेमकी तेव्हाच आई आली. युनिटसाठी भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन ती काचीगुड्याहून रोज यायची, त्या दिवशी जरा लवकर आली. तिनं डबा खाली ठेवला, मधल्या खोलीत पाहिलं, आणि सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत जाऊन दोन्ही हातांनी पाळणा धरून थांबवला.

"काय करू लागलेत तुम्ही हे?"

"शूटिंग," मी म्हटलं.

"रिकामा पाळणा हलवू लागलेत. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, एवढं कळत नाही तुला? आणि हा पाळणा? ह्याच घरात?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण माझ्या आधी वहिनी बोलली. ती आईसमोर कधीच बोलत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं की नायिकाच काहीतरी बोलतेय.

"आधी आणायचा नाही, आई. रिकामा हलवायचा नाही. मग काय करायचं त्याचं? तुम्हीच सांगा ना."

खोलीत कूलर बंद, पंखा बंद. माझ्या कानावर हेडफोन तसेच होते, आणि त्यांत मला आईचा श्वास ऐकू येत होता. आईनं वहिनीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. हात काढून घेतले. चपला घातल्या आणि डबा तिथंच टाकून निघून गेली. फाटकाशी ऑटो थांबवल्याचा आवाज आला.

"परेशान हो गए अम्मा," कॅमेरामन हळूच म्हणाला.

वहिनीनं डबा उचलून ओट्यावर ठेवला. मी तिला म्हटलं, पाळणा काढून ठेवू, मी सिनेमाचा शेवट बदलते, पाळण्याऐवजी दाराची कडी वाजवते, मला ते सहज जमतं. जमलंही असतं, खोटं नव्हतं ते. पण वहिनी म्हणाली, "नाही. टांगलाय तर हलू दे. नाही तर आता तो परत वर जाईल आणि मग कधीच खाली येणार नाही." तेव्हा मला नीट समजलं की तो शॉट आता माझ्या सिनेमाचा राहिलेला नाही. पाळणा आज हलला नाही, तर आईचं ते वाक्य कायमचं खरं ठरणार होतं आणि ते वहिनीच्याच नावावर राहणार होतं.

आम्ही जेवलो. भाजी आईच्या हातची, तरी सगळ्यांनी मागून घेतली. जाळीचा उजेड भिंतीकडे सरकायला लागला होता. "लाइट जा री अक्का," कॅमेरामन दर थोड्या वेळानं सांगत होता, जसं काही मला दिसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, सूर्य माझा नोकर नाही, गप बस.

उजेड भिंतीलगतच्या शेवटच्या फरशीवर होता तेव्हा ऑटो पुन्हा फाटकाशी थांबला. आई आली. हातात कापडी पिशवी, आणि ती इतकी जड की आई एका बाजूला कलली होती. कॅमेरामन घ्यायला धावला, तिनं दिली नाही. आत येऊन जमिनीवर बसली आणि पिशवीतून काचीगुड्याच्या घरातला वरवंटा काढला. मिक्सर आल्यापासून तो फक्त बारशांपुरता उरला होता. बारशाला वरवंट्याला बाळासारखं नटवतात आणि पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. आमच्या सगळ्या भावंडांच्या बारशाला हाच होता. तो धुतलेला होता, तेल लावलेलं होतं, वर हळदकुंकवाची बोटं.

"रिकामा हलवायचा नाही म्हटलं होतं मी," आई म्हणाली. "हलवायचाच नाही असं नव्हतं म्हटलं."

मग तिनं पिशवीतून एक दुपटं काढलं. जुन्या मऊ लुगड्यांचं, हातानं शिवलेलं, बारीक टाक्यांचं, घडीच्या रेषेवर पिवळं पडलेलं. एकदाही धुतलेलं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं. तिनं वरवंटा त्यात गुंडाळायला घेतला.

वहिनी तिच्यासमोर येऊन बसली. दुपट्याचं टोक हातात धरून बघत राहिली.

"हे कधी शिवलंत?"

आई गुंडाळत राहिली. "तेव्हाच. पाळणा आला त्याच्याही आधी." मग म्हणाली, "पहिलं नातवंड होतं. मलाही धीर नाही निघाला. तुझ्या बाबांना बोलले ते खरं तर मी मलाच बोलत होते. पण ते तुझ्यावर बसलं, आणि मी ते उचललं नाही. उचलायला पायजे होतं."

वहिनीनं आईच्या हातातून ते गाठोडं घेतलं, डोक्याकडची बाजू नीट केली, आणि उठून पाळण्यात ठेवलं. पाळणा साखळ्यांवर खाली बसला. तो वजनाचा आवाज मी ओळखला.

"थांबा," वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. "आत्या हजर आहे ना? मग नाव ठेवल्याशिवाय कसा हलवायचा?"

मी धीट बाई आहे. स्टुडिओत निर्मात्यांच्या तोंडावर त्यांचा सिनेमा वाईट आहे असं सांगते. पण त्या वेळी मी एक पाऊल मागं सरले. कारण माझ्याकडे नाव होतं. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यातच मी ते ठरवलं होतं, मुलीचंच, आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तेही आधी सांगायचं नसतं. म्हणजे सगळ्यांनीच सगळं आधी करून ठेवलं होतं, त्यांतला पाळणा तेवढा मोठा असल्यामुळे लपला नाही.

मी वाकले. दगडाला कान कुठं असतो? मी दुपट्याच्या कडेशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. आत्यानं नाव घेतलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आईनं एक घातला, आईच्या वयाचा. वहिनीनं घातला तो असा की माझा श्वासच अडकला. मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यानंतर ती माझ्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागली. मीही रडले. नायिका रडली. कॅमेरामन खिडकीकडे तोंड करून लेन्स पुसत राहिला, बराच वेळ.

तरीही त्यानंच आठवण केली. "अक्का. लाइट."

आईनं नायलॉनचा धागा सोडून टाकला आणि स्वतःच्या पिशवीतली सुती दोरी बांधली. दाराआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं ती भिंतीला टेकून बसली. दोरी कशी ओढायची हे तिला सांगावं लागलं नाही. मी पंखे बंद केले, हेडफोन चढवले. पाळणा हलला, सावकाश, भरल्या अंगानं. एका बाजूला गेला, तिथं क्षणभर थांबला, परत आला. साखळ्यांची खडखड गेली होती. लाकडाचा आणि कडीचा लांब, जड करकर आवाज येत होता, आणि त्याच्या मागं अगदी बारीक असं आणखी काहीतरी होतं. आई गुणगुणत होती. तिला कळतही नसावं. शूटिंग चालू असताना कुणी नुसतं खाकरलं तरी मी अंगावर जाते. त्या दिवशी मी काही केलं नाही. उजेड जाईपर्यंत चालू दिलं, आणि कट म्हटल्यावरही आईनं दोरी सोडली नाही, वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली होती.

त्यानंतर पाळणा माळ्यावर गेला नाही. तो मधल्या खोलीतच आहे, त्यात वहिनी धुतलेल्या पांघरुणांच्या घड्या ठेवते. वहिनीच्या वडलांना आईनं स्वतः फोन केला. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, पण दिवाळीत ते आले, दोन दिवस राहिले आणि पाळण्याच्या साखळ्यांना तेल देऊन गेले.

सिनेमा नामपल्लीतल्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. इथली जुनी मराठी माणसं आली, पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली तरुण मंडळी आली, कॅमेरामनचे सगळे तेलुगू मित्र आले. मी मुद्दाम मागं बसले, कारण मला पडदा बघायचा नव्हता, डोकी बघायची होती. पाळण्याचा शॉट आला. आधी पॉपकॉर्नचे आवाज बंद झाले. करकर सुरू झाली तशी पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड गृहस्थांनी पाय वर घेतले. मग ते गुणगुणणं ऐकू आलं आणि एक मुलगी ओरडली, तिच्यामागून दुसरी, कुणीतरी मोबाइल पाडला. मी जिंकले होते. उजेडात, भूत न दाखवता, एका पाळण्यावर. तो आनंद मी आयुष्यात कुणाला देणार नाही.

माझ्या शेजारी आई आणि वहिनी बसल्या होत्या. आईला तो आरडाओरडा अजिबात आवडला नाही. तिनं मागं वळून एकदा, पुढं वाकून एकदा पाहिलं.

"घाबरायला काय झालं ह्या लोकांना," ती चांगल्या मोठ्यानं म्हणाली. "पोरगी निजू लागली."

वहिनीची नजर पडद्यावरून हलली नाही. तिनं आईच्या मांडीवर हात ठेवला.

"हळू बोला, आई," ती म्हणाली. "उठेल ती."